पासवर्ड बरोबर, तरी दार बंद!

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे "मराठी विभागासाठी काहीतरी लिही" म्हटल्यावर पोटात गोळाच आला. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या घरचा आहे : जुना कॉम्प्युटर आणि न उघडणारा मेल.

गोष्ट २०२२ च्या मे अखेरची. दहावीची परीक्षा देऊन मी साताऱ्याला मामाकडे सुट्टीला गेले होते. मामाचं डीटीपी आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. दुकानातला पीसी विंडोज एक्सपीचा. त्यावर पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, आणि त्या सॉफ्टवेअरचं डोंगल मागच्या पॅरलल पोर्टला कायमचं बसलेलं. आजकालच्या मशीनला तो पोर्टच नसतो. शिवाय वीस वर्षांच्या पत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं, सगळ्या फाइली त्याच पीसीवर. म्हणून मामा तो बदलायचं नाव काढत नव्हता. मेलसाठी एक्सपीबरोबर आलेलं आउटलुक एक्सप्रेस होतं.

एका रात्री वळवाचा पाऊस झाला आणि लाईट गेली ती सकाळीच आली. पीसी सुरू केला तर कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २००२! मेल उघडेना. सर्टिफिकेटबद्दल काहीतरी इंग्रजी पाटी यायची. मामा म्हणाला, "नेट स्लो असंल." दुसऱ्या दिवशी मी तारीख बरोबर केली. ती पाटी गेली, पण आता नवीन तक्रार : पासवर्ड चुकीचा. मी तोच पासवर्ड दहा वेळा टाईप केला, कॅप्स लॉक बघितलं, वायर काढून परत लावली. मामा हसत म्हणाला, "काय गं, तुमच्या इंग्लिश मिडियमात एवढं पण शिकवत नाहीत व्हय?"

तिसऱ्या दिवशी मामेबहिणीने सहज आपल्या मोबाईलवर तोच आयडी आणि तोच पासवर्ड टाकला. मिनिटात इनबॉक्स उघडला. वरचाच मेल होता, विषय "दुरुस्ती". मुहूर्त दुपारी १२.३५ ऐवजी सकाळी ११.०५ असा करावा. पाचशे पत्रिका आदल्या दिवशीच छापून झाल्या होत्या. गिऱ्हाइकाची काहीच चूक नव्हती, त्यांनी वेळेत कळवलं होतं. कागद आणि छपाई मामाच्या खिशातून गेली. मामा कुणाला काही बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

तेव्हा मला कारण सांगता आलं नव्हतं. सांगलीला इंजिनिअरिंगला आल्यावर, कॉम्प्युटर नेटवर्क्स शिकताना ते हळूहळू उलगडलं.

एका दाराला चार कुलपं

आपण समजतो की मेलच्या दाराला पासवर्ड हे एकच कुलूप. खरं तर पासवर्डच्या आधी तीन कुलपं उघडावी लागतात.

पहिलं कुलूप तारखेचं. मेलचा सर्व्हर आपली ओळख म्हणून एक सर्टिफिकेट दाखवतो. त्यावर "या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध" असं लिहिलेलं असतं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी सीआर २०३२ ही बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचं काम तिचं. ती संपली की लाईट गेल्यावर पीसी जुन्या तारखेला जातो. २००२ सालात बसलेल्या पीसीला २०२२ चं सर्टिफिकेट "अजून सुरूच न झालेलं" वाटणार, आणि तो सर्व्हरवर विश्वास ठेवणार नाही. म्हणजे इथे सर्व्हर आपल्याला नाही, आपणच सर्व्हरला दारात उभं करतो.

दुसरं कुलूप भाषेचं. मेल जाताना-येताना कुणी मध्येच वाचू नये म्हणून तो सांकेतिक करतात. त्या पद्धतीचं नाव टीएलएस. टीएलएस १.० आलं १९९९ मध्ये, १.२ आलं २००८ मध्ये. मूळ एक्सपीची धाव फक्त १.० पर्यंत. मार्च २०२१ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने १.० आणि १.१ अधिकृतपणे मोडीत काढले. मोडी लिपीतल्या जुन्या कागदासारखं समजा. कागद चुकीचा नाही, पण आजच्या तलाठी कार्यालयात तो घेऊन गेलात तर वाचणारा कुणी मिळत नाही.

कुणी म्हणेल, सर्व्हरने जुनं आणि नवं दोन्ही ठेवायला काय हरकत आहे? हरकत आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये गूगलच्या संशोधकांनी "पूडल" नावाचा हल्ला जाहीर केला. त्यात मध्ये बसलेला चोर नव्या ब्राउझरलाही मुद्दाम जुन्या, कच्च्या भाषेत बोलायला भाग पाडतो आणि मग चोरी करतो. म्हणजे जुन्या लोकांसाठी ठेवलेलं मागचं दार चोर सगळ्यांसाठी वापरतो. म्हणून ते दारच बंद करावं लागलं.

तिसरं कुलूप ओळखीचं. सर्टिफिकेट खरं कशावरून? तर त्यावर कुणा विश्वासू संस्थेची सही असते, आणि अशा संस्थांची यादी आपल्या कॉम्प्युटरमध्ये आधीच भरलेली असते. अपडेट बंद झाले की यादी जुनी होते. ३० सप्टेंबर २०२१ ला "लेट्स एन्क्रिप्ट" या सेवेच्या सर्टिफिकेटांना आधार देणारं एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं आणि जुन्या फोनवर, जुन्या कॉम्प्युटरवर चांगल्या चालणाऱ्या साइट एका दिवसात "असुरक्षित" दिसायला लागल्या. एक्सपीवर सर्व्हिस पॅक ३ टाकला नसेल तर एसएचए-२५६ पद्धतीची नवी सहीच त्याला वाचता येत नाही.

चौथं कुलूप पासवर्ड देण्याच्या पद्धतीचं. आउटलुक एक्सप्रेससारखा जुना प्रोग्राम आयडी आणि पासवर्ड थेट सर्व्हरच्या हातात ठेवतो. नवीन पद्धतीत, म्हणजे ओऑथमध्ये, प्रोग्रामला पासवर्ड कळतच नाही. आपण कंपनीच्या स्वतःच्या पानावर लॉगिन करतो आणि प्रोग्रामला एक तात्पुरतं टोकन मिळतं. नुसता पासवर्ड देणाऱ्या प्रोग्रामना गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून दार बंद केलं. मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या मेलसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून तेच सुरू केलं. गंमत म्हणजे जुन्या प्रोग्रामला हे सगळं सांगण्यासाठी शब्दच नाहीत. त्याला एकच वाक्य येतं, "पासवर्ड चुकीचा". आणि आपण बिचारे पासवर्डच बदलत बसतो.

मामाला पहिलं आणि चौथं कुलूप लागलं. मधल्या दोघांतून तो तेव्हा सुटला, आज सुटेलच असं नाही.

मग करायचं काय?

१. आधी तारीख आणि साल बघा. चुकत असेल तर बॅटरी बदला, किरकोळ खर्च आहे.

२. तोच मेल लगेच दुसऱ्या मोबाईलवर उघडून बघा. उघडला तर खातं ठणठणीत आहे, दुखणं कॉम्प्युटरला आहे. मग पासवर्ड बदलू नका. आम्ही हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर पाचशे पत्रिका वाचल्या असत्या.

३. जुन्या प्रोग्राममधल्या मेलची आधी कॉपी काढा. आउटलुक एक्सप्रेस मेल उतरवून घेतल्यावर सहसा सर्व्हरवर शिल्लक ठेवत नाही, त्यामुळे जुने मेल फक्त त्या हार्ड डिस्कवरच्या डीबीएक्स फाइलींत असतात. फॉरमॅट मारलात तर गेले.

४. अगदीच अडलं तर एक्सपीवर फायरफॉक्स ५२ चालतो. तो टीएलएस आणि विश्वासू संस्थांची यादी स्वतःबरोबर आणतो, एक्सपीवर अवलंबून राहत नाही. पण त्याचेही अपडेट २०१८ मध्येच थांबले. एखादी अडलेली फाइल काढण्यापुरता ठीक, बँकेचं काम त्यावर अजिबात नको.

५. "सर्टिफिकेट चुकीचं आहे, तरी पुढे जा" हे बटण दाबायची सवय लावू नका. पाटी दर वेळी खोटी नसते.

ही अडचण फक्त छोट्या दुकानांची आहे असंही नाही. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद झाले. तरी २१ जून २०१८ ला रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून बँकांना सांगावं लागलं की एटीएममधली कालबाह्य सिस्टीम जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदला. बँकांची ही कथा, तर मामाला काय नावं ठेवायची!

मामाचा पीसी आम्ही फेकला नाही. त्याची नेटची वायर तेवढी काढली. पेजमेकर, डोंगल, जुन्या फाइली जिथल्या तिथे आहेत. शेजारी एक सेकंडहँड लॅपटॉप ठेवलाय, त्यावर लिनक्स टाकलं. मेल त्यावर येतो, मजकूर पेनड्राइव्हने पलीकडे जातो. जुनं ते सोनं हे खरंच, पण सोनं कुणी रस्त्याकडेच्या खिडकीत ठेवत नाही.

आणि हॉस्टेलवाल्यांनो, हसू नका. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला गेला, क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. आपल्यापैकी कितीजणांचे लॅपटॉप त्याच रांगेत उभे आहेत ते जरा रूमवर जाऊन बघा. सुट्टीत घरी गेलात की बाबांच्या, काकांच्या दुकानातल्या पीसीजवळ दहा मिनिटं बसा. निदान कोपऱ्यातली तारीख तरी बघा.