अंगणांतील झाड आणि तें छाटणारा माणूस

वैशाखाच्या अखेरीस वळवाचा पाऊस वावटळीसह येतो आणि एका रात्रींत पुण्यामुंबईच्या वस्त्यांतील गुलमोहर रस्त्यावर आडवे होतात. सकाळीं शेजाऱ्यांचा निरोप येतो कीं, आतां तुमचें झाड आमच्या भिंतीवर येणार! ज्या घरधन्यानें तोंवर वर मान करून झाडाकडे पाहिलेंहि नसतें, तो तासाभरांत कुऱ्हाडवाल्याच्या शोधांत निघतो. भीतीच्या पोटीं केलेला हा सौदा बहुधा अंगाशीं येतो. झाड जातें, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धें जातें आणि उरलेलें अर्धें चार वर्षांनीं खरोखरच धोक्याचें होतें.

सर्वच झाडें सारख्याच सहजतेनें पडत नाहींत. मादागास्कर बेटांतून आलेला गुलमोहर आणि अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतून आलेला पर्जन्यवृक्ष हीं दोन्हीं झपाट्यानें वाढणारीं व दूरवर फांद्या पसरणारीं झाडें. गुलमोहराचें लाकूड ठिसूळ व मुळें उथळ. त्यांतच माणूस बुंध्याला लागून फरसबंदी करतो आणि नळासाठीं चर खणतांना एका बाजूचीं मुळें तोडून टाकतो. पुढें झाड कोसळलें म्हणजे दोष मात्र झाडाचा! म्हणून प्रथम झाड पाहावें. बुंध्याशीं छत्रीसारखें वा फळीसारखें कठीण अळंबें उगवलें आहे काय, एका बाजूची माती उचलून तिला भेग पडली आहे काय, झुकाव नवा आहे कीं जुना, या गोष्टी कुऱ्हाड शोधण्यापूर्वीं तपासावयाच्या. वर्षानुवर्षें कलून वाढलेलें झाड त्या कलाला सरावलेलें असतें. गेल्या पावसाळ्यांत अचानक कललेलें झाड मात्र खरें भयाचें. पोकळ खोड दिसतांच घाबरण्याचेंहि कारण नाहीं. बांबू आंतून पोकळ असूनहि उभा राहतो, त्याचप्रमाणें बाहेरचें कवच पुरेसें जाड असेल तर वृक्षहि उभा राहतो. तें पुरेसें आहे कीं नाहीं, हें जाणत्यानें ठोकून व तपासून सांगावयाचें.

झाड आपलें व अंगणहि आपलें, तेव्हां आड कोण येणार, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. नागरी भागांतील झाडांसाठीं महाराष्ट्रांत १९७५ सालीं कायदा झाला, आणि खाजगी आवारांतील झाडहि त्याच्या कक्षेंत येतें. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, पाहणी होते व मगच परवानगी मिळते. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वा अधिक वर्षांच्या झाडांना वारशाचा दर्जा देऊन त्यांचें संरक्षण अधिक कडक केलें. जो कंत्राटदार "परवानगीचें आम्ही पाहून घेऊं" म्हणतो, त्याच्याकडून कागद हातीं आल्याखेरीज फांदीलाहि हात लावूं देऊं नये. कारण कायद्यानें तोडणारा व तोडविणारा दोघेहि दोषी ठरतात.

आतां माणसाविषयीं. वखारीकडून कधीं कधीं मोठा गोड प्रस्ताव येतो: तोडणावळ नको, लाकूड मात्र आमचें. यांत फसगत उघड आहे. ज्याला लाकडावर नफा मिळवावयाचा, त्याला झाड वांचविण्यांत काय रस? दोन फांद्यांनीं भागेल तेथें तो बुंधा मागेल. मजुरी घेणारा व सल्ला विकत न देणारा मनुष्य अखेरीस स्वस्त पडतो.

जाणता मनुष्य त्याच्या कापण्यावरून ओळखतां येतो. जाड फांदी तो एका घावांत उतरवीत नाहीं. प्रथम खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडें कापतो, मग त्याच्या किंचित् पुढें वरून. त्यामुळें फांदी पडतांना खोडाची साल सोलून नेत नाहीं. शेवटीं उरलेला खुंट, फांदीच्या मुळाशीं जो फुगीर कडा असतो त्याच्या बाहेरून कापतो. या कड्यांतच जखम वेढून घेण्याचें सामर्थ्य असतें. तो खोडासपाट तासला तर जखम मोठी होते. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. अमेरिकेंतील अॅलेक्स शिगो या शास्त्रज्ञानें हजारों खोडें चिरून दाखविलें कीं, झाड जखम आपल्यासारखी भरून काढीत नाहीं, तर कुजका भाग जणूं भिंती घालून कोंडून टाकतें. म्हणूनच जखमेवर डांबर फासण्याची आपल्याकडील आवडती चाल निरुपयोगी ठरली आहे. शेंडा छाटून बोडकें केलेलें झाड पाहून "आतां हलकें झालें" असें म्हणणाराहि चुकतो. त्या जागीं फुटणारे धुमारे वरवर जोडलेले असतात व पुढल्या वादळांत तेच आधीं मोडतात.

वर चढणाराचा जीव ही या व्यवहारांतील सर्वांत मोठी वस्तु, आणि घासाघीस करतांना नेमकी तीच विसरली जाते. दोर, कमरपट्टा, शिरस्त्राण व खालीं दोर धरणारा दुसरा गडी यांवांचून झाडावर चढणाराला चढूं देणें हा घरधन्याचाहि अपराध आहे. फांदी विजेच्या तारांजवळ असेल तर वीज कंपनीला कळवून प्रवाह बंद केल्याशिवाय काम सुरू होतां कामा नये. ओली फांदी तारेला टेकली कीं ती स्वतःच तार होते. कामकऱ्यांचा विमा आहे काय, भिंत फुटली तर भरपाई कोण करणार, पाला व ओंडके कोण नेणार, हें सारें एका कागदावर उतरवून घ्यावें. त्यानें दोन वर्षांपूर्वीं छाटलेलें एकादें झाड पाहतां आलें तर कोणत्याहि शिफारशीपेक्षां तें अधिक सांगेल.

वेळेचाहि विचार हवा. लोकांना छाटणी आठवते ती मे महिन्यांत. पण त्याच सुमारास कावळ्यांचीं घरटीं अंड्यापिलांनीं भरलेलीं असतात, आणि चांगले गडीहि सर्व बाजूंनीं बोलावणीं येऊन गुंतलेले असतात. थंडींत पाने विरळ झालीं कीं फांद्यांची ठेवण स्पष्ट दिसते. अर्ज, पाहणी व परवानगी यांत जाणारे दिवस हिशेबांत धरले, तर अर्ज दिवाळीच्या सुमारास देऊन ठेवणें सोयीचें.