जिनातले काम आणि सुरक्षेचा कायदा

दिवाळी सरली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कापसाच्या गाड्या रस्त्याला लागतात. खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव या भागांतले जीन सुरू होतात. खेड्यापाड्यांतले गडी आणि बाया तिथे कामाला जातात. हा धंदा जुना आहे. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत आगगाडी आली, ती कापसासाठीच.

जिनात काय चालते ते आपण पाहू. रेच्यात चामड्याचा रूळ फिरतो. तो रुई ओढून घेतो. सरकी पात्याला अडते आणि खाली पडते. मग रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात. एक गाठ सुमारे १७० किलोची असते.

जुन्या जिनांत सगळे रेचे एकाच लांब दांड्यावर चालत. हा दांडा पुष्कळ ठिकाणी जमिनीखाली फिरे. त्यावरून प्रत्येक रेच्याला पट्टा जाई. तेल घालायला आणि सरकी काढायला माणूस खाली उतरे. सदऱ्याची बाही किंवा धोतराचा सोगा पट्ट्यात अडकला, की माणूस ओढला जाई. यंत्राला कापूस काय अन् माणूस काय, दोन्ही सारखेच! शिवाय धुळीने छाती भरते. आणि एका ठिणगीने रुईचा ढीग पेट घेतो.

मग ही काळजी कोणी घ्यायची? कामगाराने सावध राहावे, हे खरेच. पण यंत्र कोणाचे? मालकाचे. नफा कोणाचा? मालकाचा. म्हणून पहिली जबाबदारीही मालकाचीच. कायद्याने हे हळूहळू मान्य केले.

१८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला. तो १०० किंवा जास्त माणसांच्या कारखान्यांनाच लागू होता. वर्षात चार महिनेही न चालणारे कारखाने त्यातून सुटत. जीन हंगामापुरते चालत. त्यामुळे बरेच जीन मोकळे राहिले. १९११ च्या कायद्यात हंगामी कारखानेही आले. १९२२ साली माणसांचा आकडा २० वर आला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कायदा झाला. तो १ एप्रिल १९४९ पासून सुरू झाला. विजेवर किंवा इंजिनावर चालणाऱ्या कारखान्यात १० माणसे असली, तरी तो लागू होई.

त्या कायद्याने सांगितले, फिरत्या भागांना कुंपण घाला. चालू यंत्राजवळ जाणारा माणूस शिकलेला हवा, त्याचे कपडे अंगाबरोबर हवेत. जमिनीखालच्या दांड्याभोवती भिंत किंवा कुंपण हवे, दाराला कुलूप हवे, असा नियम झाला. प्रेसच्या कारखान्यात कापूस पिंजून मोकळा करणारे यंत्र चालू असेल, त्या भागात बायांना आणि मुलांना कामावर ठेवायला मनाई झाली. मध्ये छतापर्यंत आडभिंत असेल, तर कापूस घालायच्या बाजूला त्यांना काम करता येई.

आता पुन्हा बदल झाला आहे. संसदेने २०२० साली कामाच्या जागेची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांसाठी नवी संहिता केली. जुने १३ कायदे तिच्यात एकत्र आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. या संहितेत कारखाना कशाला म्हणायचे? वीज वापरणाऱ्या ठिकाणी २० कामगार, वीज नसेल तिथे ४० कामगार.

इथे काही मालक म्हणतील, “चला, आपल्याकडे १५ च माणसं आहेत. आपण सुटलो!” पण तसे नाही. १० किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यालाही नोंदणी करावी लागते आणि मालकाची कर्तव्ये पाळावी लागतात. ती अशी : कामाची जागा निर्धोक ठेवायची. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचा कागद द्यायचा. सुरक्षेच्या साधनांचा पैसा मजुरीतून कापायचा नाही. बायांना सगळ्या प्रकारचे काम करता येते. पण धोक्याच्या कामात संरक्षण दिले पाहिजे. रात्रपाळीला त्यांची संमती हवी.

कर्तव्यात कसूर झाली आणि त्यामुळे माणूस दगावला, तर मालकाला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा कमीत कमी ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्या दंडाचा निम्मा किंवा जास्त भाग घरच्यांना द्यावा, असा हुकूम कोर्ट करू शकते. पट्ट्यावर जाळी बसवायला किती खर्च येतो? हिशेब मालकानेच करावा.

आता आपल्या खळ्याकडे वळू. शेतकरीही मालक होतो. सोयाबीन, तूर, हरभरा काढायला मळणीयंत्र येते. चार मजूर लावले जातात. या यंत्रांनी कितीतरी हात तोडले. म्हणून १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला, त्यात मळणीयंत्र आले. यंत्राला माल सारायचे तोंड लांब हवे आणि वरून झाकलेले हवे. म्हणजे हात आतल्या दात्यांपर्यंत पोचत नाही.

भरपाईचा कायदा तर १९२३ सालचा. तोही आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. यंत्राने चालणाऱ्या शेतीतला मजूरही त्यात धरला आहे. कामावर असताना कामामुळे अपघात झाला, तर मालकाने भरपाई द्यायची. “तो दारू प्यायला होता”, “त्यानेच जाळी काढली” असे मालक म्हणतो. पण माणूस मेला किंवा कायमचा पुरता निकामी झाला, तर ही सबब चालत नाही. “माझा हक्क नाही” असे लिहून त्यावर कोणी अंगठा घेतला, तरी तो कागद रद्द समजावा.

आपण आता वाचायला शिकलो आहोत. म्हणून एवढे लक्षात ठेवू :

१. कामाला लागताना नेमणुकीचा कागद मागू. तो वाचू, मगच सही करू.

२. पट्टा उघडा दिसला, तर मुकादमाला लगेच सांगू. धोका कळवणे हा कामगाराचा हक्क आहे.

३. यंत्र बंद केल्याशिवाय अडकलेला माल काढणार नाही. पदर खोचू, केस बांधू, बाही आवरू.

४. मुलांना यंत्राजवळ फिरकू देणार नाही.

५. मालक ऐकत नसेल, तर कारखान्याची तक्रार राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लिहून पाठवू.

आणि आपणच मजूर लावणार असू, तर यंत्र भाड्याने घेण्याआधी त्याचे तोंड आणि पट्टा पाहू. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. भरपाईचे पैसे हाती येतात, पण तुटलेला हात परत येत नाही.