तोच हुकूम दोनदा

कॉन्टिकी या मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘सीसी२४२०’ या रेडिओ चिपचा ड्रायव्हर आहे. त्यात चार-पाच ओळींचे एक फंक्शन आहे. आलेल्या पॅकेटांचा साठा रिकामा करायचा, एवढेच त्याचे काम. साठ्यातला एक बाइट वाचून टाकून द्यायचा, मग चिपला ‘एसफ्लशआरएक्स’ हा हुकूम द्यायचा. पुढच्याच ओळीत तोच हुकूम पुन्हा. नवख्याला वाटेल, ओळ चुकून दोनदा उमटली आहे, आणि तो एक खोडायला जाईल. पण दोनदा हुकूम दिल्यावरच चिपची ‘एसएफडी’ पिन खात्रीने मूळ स्थितीला येते, असे डेटाशीटच सांगते.

ही चिप ऑस्लोच्या चिपकॉन कंपनीची. पुढे २००६ मध्ये ही कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली. बर्कलेच्या संशोधकांनी ‘टेलॉस’ हा संवेदक-संच बांधला तो याच चिपवर. सोबतच्या प्रोसेसरला रॅम अवघी १० किलोबाइट. सगळा संसार दोन पेन्सिल सेलवर.

इथे हिशेब मांडायलाच हवा. नुसते कान देऊन बसायलाही ही चिप सुमारे १८.८ मिलिअँपिअर खाते. बोलायला, म्हणजे पूर्ण ताकदीने पॅकेट पाठवायला, १७.४. बोलण्यापेक्षा ऐकणे महाग! २५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल धरले, तर सतत ऐकणारा रेडिओ साडेपाच दिवसांत सेल संपवतो. तोच शंभरातला एकच भाग वेळ चालू ठेवला, तर रेडिओपुरते तेच सेल दीड वर्ष पुरतात. म्हणून रेडिओ कधी उठवायचा आणि कधी झोपवायचा, हाच ड्रायव्हरचा खरा धंदा. कॉन्टिकीमॅक ही पद्धत एरवी सेकंदातून आठ वेळा क्षणभर कान देते. पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, शेजारी उठून दार उघडेपर्यंत थाप मारत राहावी तसा.

बाकीची कटकट वेळेची आणि जागेची. चिपमध्ये आलेल्या पॅकेटांसाठी १२८ बाइटांचा साठा. प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला आणि साठा ओसंडला, तर चिप पुढचे काहीच घेत नाही. ‘फिफोपी’ पिन वर आणि ‘फिफो’ पिन खाली, ही त्याची खूण. ती ओळखून साठा धुतला नाही, तर संवेदक जिवंत असूनही बहिरा होतो. पॅकेट मिळाल्याची पोच मात्र १९२ मायक्रोसेकंदांत निघायला हवी. ते काम चिप स्वतः करते.

ड्रायव्हर खुला असल्याचा सर्वांत मोठा फायदा, माझ्या मते, फुकट मिळण्यात नाही, तो आतून बदलता येण्यात आहे. २०११ मध्ये ईटीएच झुरिकच्या मंडळींनी ‘ग्लॉसी’ मांडले. एरवी दोन संवेदक एकदम बोलले की पॅकेटांची टक्कर होते. यांनी अनेकांना तेच पॅकेट एकाच क्षणी पाठवायला लावले आणि लहरी एकमेकींना पूरक ठरल्या. त्यासाठी वेळेतला फरक अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आत ठेवायचा होता. इंटरप्टला प्रतिसाद द्यायला प्रोसेसर कधी जरा जास्त वेळ घेतो, कधी कमी. तो विलंब मोजून त्यांनी काहीच न करणाऱ्या सूचना तेवढ्याच मोजून मध्ये घातल्या. बंद लायब्ररीच्या बाहेर उभे राहून हे करून दाखवावे कोणी!

आपल्याकडेही अशा रेडिओ-संवेदकांकडे पावसाळ्यामुळे लक्ष गेले. केरळात मुन्नारच्या दरडींवर अमृता विद्यापीठाने बसवलेल्या मायकाझेड संचांत हीच चिप होती. पश्चिम भारतातल्या डोंगरउतारांसाठी आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी ‘सेनस्लाइड’ आखले. २००७ च्या त्यांच्या लेखात ६५ संवेदकांच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचे निष्कर्ष आहेत. उतारावर पुरलेल्या संचाचे सेल बदलायला ऐन जुलैत कोण चढणार?

आज स्वस्त संचांत ईएसपी३२ ही चिप सर्रास दिसते. तिच्या वायफायचा तळाचा थर उत्पादकाकडून तयार बायनरी म्हणून मिळतो. २०२३ पासून काही हौशी मंडळी ती उलगडून, कोणत्या पत्त्यावर कोणते रजिस्टर आहे हे स्वतःच शोधून, खुला ड्रायव्हर लिहीत आहेत. त्यांना डेटाशीटचा आधार नाही. हुकूम दोनदा द्यायचा की एकदा, हे चिपलाच विचारावे लागते.