रेषा पोचते, अक्षर पोचते का?

व्हेक्टर चित्राच्या फाइलमध्ये रंगीत ठिपके नसतात, सूचना असतात: या बिंदूपासून निघा, असे वळण घ्या, आतला भाग निळा भरा. म्हणून असे चित्र टपाल तिकिटाएवढे छापले काय किंवा होर्डिंगएवढे, कडा फाटत नाहीत. पडद्यावरचे चित्र पीडीएफ, पोस्टस्क्रिप्ट किंवा एसव्हीजी फाइलमध्ये उतरवण्याचे काम पडद्याआडच्या लायब्ररी करतात. कीथ पॅकार्ड आणि कार्ल वर्थ यांनी सुरू केलेली 'कैरो' ही त्यांपैकी एक. ती मुक्त स्रोत आहे आणि इंकस्केपसारखी सॉफ्टवेअर तिचा आधार घेतात.

अशा लायब्ररीत सुधारणा आखताना आधी पाहावे लागते ते प्रत्येक फाइल प्रकाराला काय कळते हे. एसव्हीजीला वर्तुळ ठाऊक आहे, पीडीएफला नाही. तिथे वर्तुळ चार वक्र जोडून काढावे लागते. त्यासाठी ०.५५२३ हा गुणांक वापरला तर त्रिज्येतली चूक जास्तीत जास्त ०.०२७ टक्के राहते. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पाव मिलिमीटरहून जेमतेम जास्त. कैरो सगळीकडे वर्तुळाचे असे वक्रच करते. त्यामुळे एसव्हीजीतही वर्तुळ गोल दिसते, पण त्रिज्या बदलायला जावे तर हाती सुटे वक्र येतात.

या वक्रांना रेनॉ मोटार कंपनीतल्या पिएर बेझिए यांचे नाव आहे. पण प्रतिस्पर्धी सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्येच त्यांचे गणित मांडले होते. कंपनीने ते गुपित ठेवले, बेझिए यांचे काम आधी प्रसिद्ध झाले आणि नाव त्यांचे लागले. कास्तेल्जो यांची रीत इतकी देखणी की ती शाळेच्या पट्टीने करता येते. चार बिंदू ओळीने रेषांनी जोडावेत. तिन्ही रेषांचे मध्य काढून जोडावेत, मिळालेल्या दोन रेषांचे मध्य पुन्हा जोडावेत. उरलेल्या एकमेव रेषेचा मध्य थेट वक्रावर पडतो आणि तिथे मूळ वक्राचे दोन बिनचूक भागही होतात. २०२२ मध्ये निधन पावलेल्या या गणितज्ञाचे नाव आज ही रीत तरी मिरवते.

पारदर्शकतेची अडचण वेगळी. १९८४ च्या पोस्टस्क्रिप्टमध्ये ती नाहीच. पीडीएफला ती २००१ च्या १.४ आवृत्तीत मिळाली. पोस्टस्क्रिप्टमध्ये धूसर सावली उतरवताना तेवढ्या भागाचे ठिपक्यांचे चित्र करावे लागते. कैरो ते एरवी इंचाला ३०० ठिपके या घनतेने करते.

देवनागरीसाठी सर्वांत कळीचा प्रश्न मजकुराचा आहे. छपाईच्या धंद्यात 'फाइल कर्व्ह करून पाठवा' असे सर्रास सांगतात, कारण अक्षरांचे आकार केले की फॉन्ट नसल्याची भीती उरत नाही. पण मग ती अक्षरे राहत नाहीत. शोधता, कॉपी करता किंवा अंधांसाठीच्या वाचक सॉफ्टवेअरला वाचता येत नाहीत. आकार न करताही घोळ होतोच. 'विज्ञान' या शब्दात युनिकोडचे सात संकेत आहेत. बहुतेक फॉन्टमध्ये त्यांचे पाच आकार होतात: ज, हलन्त आणि ञ मिळून एक 'ज्ञ', आणि वेलांटी 'व'च्या आधी. फाइलमध्ये नुसता आकारांचा हा क्रम गेला, तर कॉपी करताना वेलांटी पुढे सुटून येते आणि शोध फसतो. कोणते संकेत कोणत्या आकारांचे, ही नोंद फाइलमध्ये जायला हवी. कैरोने २००८ च्या १.८ आवृत्तीत त्यासाठी स्वतंत्र सोय केली. मात्र ती नोंद पुरवण्याची जबाबदारी कैरो वापरणाऱ्या सॉफ्टवेअरवर राहते.

कैरोच्या चाचण्यांत एकच चित्र निरनिराळ्या प्रकारांत उतरवून नमुना चित्राशी पिक्सेलगणिक ताडतात. उत्तम पद्धत, पण वेलांटीची ही चूक तिला दिसणार नाही, कारण छापील चेहरा अगदी बरोबर असतो. कोणत्याही एक्स्पोर्ट लायब्ररीच्या आराखड्यात नव्या सावल्या-रंगछटांच्या आधी मजकुराची चाचणी यायला हवी: 'विज्ञान' पीडीएफमध्ये लिहायचे, परत काढायचे आणि सातही संकेत त्याच क्रमाने आले तरच पास म्हणायचे.