घर उतरवण्याआधी शेजारची भिंत बघा

"पाडायला काय अक्कल लागते? जेसीबी लावला की दुपारपर्यंत जागा मोकळी." कोल्हापूर विमानतळाला लागून असलेल्या गडमुडशिंगीसारख्या गावात जुन्या घराचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच.

गावठाणातली घरं बऱ्याचदा एकमेकांच्या आधारानं उभी असतात. दोन घरांत मिळून एकच दगडमातीची भिंत, आणि दोन्हीकडच्या तुळया तिच्यातच रुतलेल्या. बकेटनं आपली तुळई हिसकली की तडा शेजाऱ्याच्या माजघरात जातो. म्हणून घर बांधलं त्याच्या उलट क्रमानं उतरवायचं: आधी कौलं, मग रीपा, वासे, तुळया आणि शेवटी भिंती, त्याही वरून खाली थराथरानं. इमारती पाडण्याच्या सुरक्षिततेसाठी आयएस 4130 हे स्वतंत्र भारतीय मानकच आहे. मजल्यामागून मजला वरून खाली, हाच त्याचाही क्रम. भिंत तळाशी कोरून ढकलायची पद्धत अजून दिसते. भिंत कुठल्या बाजूला पडेल हे तेव्हा कुणाच्याच हातात नसतं. सामाईक भिंतीजवळचं काम हातानंच, पहारीनं व्हायला हवं. यंत्र त्यानंतर.

मोठी यंत्रणा आणली की सगळं एका झटक्यात होतं, हेही खरं नाही. पुण्याच्या चांदणी चौकातला पूल ऑक्टोबर 2022 मध्ये सुमारे 600 किलो स्फोटकं लावून उडवला, तरी तो पूर्ण पडला नाही. उरलेला भाग यंत्रांनी तोडावा लागला.

आणखी एक गैरसमज: "नोंदणीकृत ठेकेदार आहे, म्हणजे झालं." सार्वजनिक बांधकाम विभागाकडची नोंदणी सरकारी कामं घेण्यासाठी असते, दाटीतलं घर सुखरूप उतरवता येतं, याचा तो दाखला नव्हे. ठेकेदारानं आधी उतरवलेल्या घराच्या शेजाऱ्याला जाऊन विचारा. आणि पाहायला आल्यावर तो काय विचारतो ते ऐका. सामाईक भिंत कुठली, शौचालयाची टाकी कुठं, जमिनीत बुजवलेलं पेव आहे का, महावितरणकडून वीज तोडून घेतली का, हे न विचारता फक्त सागवान किती निघेल ते बघणाऱ्याला काम देऊ नका.

कारण "मालावर पाडून नेतो, एक रुपया नको" हे फुकट नसतं. तुळया, घडीव दगड, लोखंड हीच त्याची मजुरी. माल हातात आला की राडारोडा तुमच्या दारात ठेवून तो निघून जाऊ शकतो. हा राडारोडा ओढ्यात लोटायची सोयही नाही: 2016 च्या केंद्रीय नियमांनीच तो रस्त्यावर किंवा गटारात टाकायला मनाई केली. मातीच्या भिंतीची माती शेतात खपते, काँक्रीट खपत नाही. ते कुठं जाणार हे आधीच ठरवा.

मागच्या पडवीवरचे जुने सिमेंटचे पत्रे निरुपद्रवी वाटतात. त्यांत बहुधा एस्बेस्टॉस असतं आणि फोडल्यावर उडणारे बारीक तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोगाला कारण ठरतात. पत्रे पाण्यानं भिजवून, बोल्ट सोडून अख्खे उतरवायचे, हातोडा लावायचा नाही.

काम सुरू होण्याआधी शेजाऱ्याला बोलावून त्याच्या भिंतीचे, आधीच्या तड्यांसकट, तारखेचे फोटो काढा. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: मजुरांचा विमा कोण काढणार, शेजारी नुकसान झालं तर कोण भरणार, आणि राडारोडा उचलल्याशिवाय शेवटची तुळई गाडीत चढणार नाही.