बुरशी आणि जिवाणू : संगत कोणाची?



खमिराचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. एक स्त्री पिठात थोडेसे खमीर मिसळते आणि सारे पीठ फुगून येते. प्रभू येशूच्या काळी यीस्टची पुडी मिळत नसे. आंबलेल्या पिठाचा गोळा पुढच्या वेळेसाठी राखून ठेवीत, तेच खमीर. अशा गोळ्यात दोन प्रकारचे सूक्ष्म जीव एकत्र नांदतात : एक यीस्ट, म्हणजे बुरशीच्या कुळातील जीव, आणि दुसरे आंबटपणा आणणारे जिवाणू. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील आंबट पावाच्या खमिराची 1971 साली तपासणी झाली. तेव्हा असे दिसले की, माल्टोज नावाची साखर तेथील यीस्ट खात नाही. ती जिवाणूंना राहते. जिवाणू जे आम्ल तयार करतात ते यीस्टला सोसते, परक्या जंतूंना मात्र सोसत नाही. दोघे एका घरात, पण ताटावरून भांडण नाही!

असाच संसार आपल्या शेतातही चालतो. लिंबायतमधील आपली बरीच कुटुंबे खानदेशातून आलेली. काम येथे, पण जमीन गावी. जून उजाडला की पेरणीसाठी घरचे कोणीतरी गावी जाते आणि डीएपीच्या पोत्यांसाठी बहुधा उसनवारी होते. मग प्रश्न येतो, ‘फादर, दरवर्षी एवढे खत घालतो, ते जाते कुठे?’

ते जमिनीतच अडकते. डीएपीच्या पोत्यात स्फुरदाचे प्रमाण 46 टक्के असते. पण पहिल्या हंगामात त्यातील जेमतेम पाचवा हिस्सा, कित्येकदा त्याहूनही कमी, पिकाला मिळतो. काळ्या जमिनीतील चुना बाकीचा धरून ठेवतो. हे कुलूप उघडण्याचे काम बुरशी आणि जिवाणू मिळून करतात.

मायकोरायझा नावाची बुरशी कपाशी, ज्वारी, मका, तूर, केळी, ऊस यांच्या मुळांत राहते. तिचे केसाहून बारीक तंतू मुळे पोहोचत नाहीत तेथवर जातात. पण कुजक्या काडीकचऱ्यात अडकलेला स्फुरद सोडविण्याची हातोटी तिच्याजवळ नाही. ती स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंजवळ आहे. पिकाने उन्हात तयार केलेली साखर बुरशी आपल्या तंतूंवाटे या जिवाणूंना देते. जिवाणू स्फुरद मोकळा करतात. बुरशी तो मुळापर्यंत वाहून आणते. असे तिघांचे पोट भरते.

ही संगत मोडू नये म्हणून आम्ही चार गोष्टी सुचवितो :

1. उसाचे पाचट जाळू नका. कपाशीच्या पऱ्हाट्यांत बोंडअळी राहते, म्हणून त्या शेतात उभ्या ठेवू नका. बारीक करून कंपोस्टच्या खड्ड्यात कुजवा.

2. जिवाणू संवर्धकाचे 250 ग्रॅमचे पाकीट 10 किलो बियाण्यास गुळाच्या पाण्यातून चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी. जिवाणू सर्वांत शेवटी.

3. संवर्धक रासायनिक खतात कालवू नका.

4. माती परीक्षण केल्याशिवाय स्फुरद वाढवू नका. तो फार झाला की पीक बुरशीला साखर देणे कमी करते आणि हा संसार विस्कटतो.

मात्र प्रत्येक संगत चांगली नसते. ऱ्हायझोपस नावाची एक बुरशी भाताच्या रोपांची मुळे सुजवून त्यांना मारते. 2005 साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, ते विष बुरशीचे नसून तिच्या पोटात राहणाऱ्या जिवाणूचे आहे. पुढे 2007 मध्ये असेही आढळले की, तो जिवाणू काढून टाकला तर या बुरशीला बीजाणू धरत नाहीत, म्हणजे तिचा वंशच खुंटतो.

याच ऱ्हायझोपसच्या कुळातील बुरशींनी 2021 साली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, म्युकरमायकोसिस होऊन आपल्या सुरतेतही अनेक घरे दुःखात लोटली. मधुमेह ताब्यात नसलेल्यांना तिचा धोका अधिक. म्हणून मधुमेह असलेल्या बंधुभगिनींनी कंपोस्ट किंवा शेणखत उपसताना नाकातोंडाला फडके बांधावे, हातमोजे घालावेत, पायांत बूट असावेत आणि रक्तातील साखर वेळच्या वेळी तपासून घ्यावी. चेहऱ्यावर एका बाजूस सूज, नाकातून काळपट स्राव किंवा डोळ्यांत दुखणे असे दिसल्यास घरगुती उपाय करीत न बसता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

खमीर मूठभर असते. पण ते कोणाच्या संगतीत आहे, यावर साऱ्या पिठाचे भवितव्य ठरते. या पेरणीला पोते उचलण्यापूर्वी आपल्या मातीत कोण कोण नांदते आहे, याचाही विचार करावा, एवढीच आमची विनंती.