‘नुसता मुरगळलाय!’

कोजागरीच्या आधी सोलापूर-तुळजापूर रस्ता माणसांनी फुलून जातो. सुमारे ४५ किलोमीटरची वाट भाविक पायी तुडवितात. गंमत अशी की, इतके चालून आल्यावर देवीपाशी जाण्यासाठी चढायचे नसते, उतरायचे असते! महाद्वारातून आत शिरले की पायऱ्या खाली जातात. पाय थकलेले, मागून गर्दीचा रेटा, नजर कळसाकडे. आणि एखादी पायरी चुकते. पाऊल आत मुडपते, घोट्यात कळ उठते. हात देणारा धीर देतो, “काही नाही, नुसता मुरगळलाय!”

या ‘नुसता’मध्येच खरी गोम आहे.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूस हाडाला हाड बांधून ठेवणारे तीन चिवट पट्टे असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात. पायरी उतरताना चवडा खाली झुकतो आणि घोट्याचा सांधा काहीसा सैलावतो. अशा वेळी पाऊल मुडपले की बहुधा पुढचा पट्टा ताणतो, क्वचित फाटतोही. म्हणजे जागचे हललेले असे काही नसते. मग ओढून ‘बसवायचे’ तरी काय? तेल लावून रगडण्याने तर सूज वाढण्याचीच भीती. आजीचा आंबेहळदीचा लेप मायेचा खरा, पण तो हलक्या हातानेच लावावा.

पहिले दोन दिवस पायाला विसावा द्यावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. क्रेप बँडेज बेताचेच आवळावे आणि निजताना पाय उशीवर उंच ठेवावा.

हाड तर मोडले नाही ना? कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी एक सोपी कसोटी मांडली. घोट्याच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबून दुखले, अथवा चार पावलेही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या मधल्या हाडांवर दुखले किंवा पाऊल बधिर पडले, तरीही डॉक्टरांना गाठावे.

सूज ओसरली की आपण पायाला विसरतो. परंतु पट्ट्याबरोबर तोल सांभाळणारी जाणीवही दुखावलेली असते. म्हणूनच एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. यावरचा उपाय बिनखर्ची आहे. सोसवेल तसे पाऊल वरखाली हलवावे, हळूहळू भार टाकावा. आणि पाय नीट टेकू लागला की भिंतीचा आधार हाताशी ठेवून रोज अर्धा-अर्धा मिनिट त्या एका पायावर उभे राहावे. हे काही आठवडे नेमाने करावे.

पुढच्या कोजागरीला त्या पायऱ्या निर्धास्त उतरायच्या ना? मग चहाला आधण येईपर्यंत ओट्यापाशी एका पायावर उभे राहा!